माननीय कारभारींची दाढ

माणसाचा मान ही फार नाजूक वस्तू आहे, आणि ती सर्वांत आधी हातची जाते ती दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत. कलेक्टर असो की कंडक्टर, खुर्ची मागे झाली की दोघांचीही मान सारखीच मागे पडते, तोंड सारखंच उघडं राहतं आणि कोणत्याही प्रश्नाला दोघंही "आं आं" एवढंच उत्तर देतात. समतेची इतकी चोख अंमलबजावणी दुसऱ्या कुठल्याही फर्निचरवर होत नाही.

पडेगावच्या दंतप्रसन्न हॉस्पिटलात हे सत्य सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर कुणी काही करत नव्हतं. तिथली मुख्य नर्स दीपमाला. मूळची पैठणची, आवाज खणखणीत. पेशंट खुर्चीत बसला की ती "आ करा" म्हणे, तो आ करी. "चूळ भरा" म्हणे, तो भरी. "रडू नका, अजून काही केलेलंच नाही" म्हणे, आणि तो डोळे पुसून गप्प बसे. या पद्धतीला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता. नुसते दात निघत असत.

अशा अज्ञानात सगळं सुखानं चाललेलं असताना हॉस्पिटलचे मालक डॉ. इंद्रजीत गोव्याला एका परिषदेला गेले, आणि पेशंट हासुद्धा एक माणूस असतो अशी माहिती घेऊन परत आले.

स्टाफला धक्का बसला. काउंटरवरच्या झीशाननं तर पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. डॉक्टर म्हणाले की पेशंट माणूस असतो एवढंच नव्हे, तर प्रत्येक पेशंट वेगळा माणूस असतो, आणि त्याची स्वतःची अशी एक वैयक्तिक गरज असते. ही गरज आदरानं विचारली गेली पाहिजे. जगभर विचारतात. आपल्याकडे मात्र कुठला दात ते विचारून आपण थेट कामाला लागतो. हे सांगताना त्यांनी दोनदा टेबलावर हात आपटला. (परिषदेचं शुल्क परत मिळणारं नव्हतं.)

लगोलग पुण्याहून विशाखा मॅडमना प्रशिक्षणासाठी बोलावण्यात आलं. मॅडम अतिशय गोड बोलत. त्यांच्या दाताला आजवर कुणाचा हात लागलेला नव्हता, त्यामुळे या विषयाकडे त्या निर्मळ मनानं पाहू शकत. त्यांनी आदरयुक्त संवादाचे तीन खांब सांगितले. पहिला, पेशंटची वैयक्तिक गरज विचारा. दुसरा, ती संपूर्ण टीमला कळवा. तिसरा, पेशंटच्या निर्णयाचा आदर करा. चौथा खांब जेवणानंतर होता, पण लाइट गेल्यामुळे तो राहिला तो राहिलाच.

मग भाषाशुद्धी झाली. पेशंटला यापुढे 'दंतस्नेही' म्हणायचं. किडलेला दात नाही, 'आव्हानात्मक दात'. दुखेल असं म्हणायचं नाही, 'संवेदना जाणवेल' म्हणायचं. सुई हा शब्द तर तोंडातूनच काढून टाकायचा आणि तिथं 'सूक्ष्म स्पर्श' बसवायचा. बिल हा शब्द मात्र आहे तसा ठेवला, कारण त्याबाबत गैरसमज परवडला नसता.

दीपमाला या सगळ्याकडे आधी तोंड वाकडं करून बघत होती. पण दुपारी नाटुकल्याचा तास झाला. त्यात दीपमालाला पेशंट व्हायचं होतं आणि विशाखा मॅडमना नर्स. दीपमाला खुर्चीत मागे रेलली. मॅडम तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या, तिच्या डोळ्यांत बघून मऊ आवाजात म्हणाल्या, "दीपमालाताई, तुम्हाला काय हवंय?"

इतकी वर्षं दीपमालाला लोकांनी 'सिस्टर, नळी धरा', 'सिस्टर, कापूस', 'ओ सिस्टर, आमचा नंबर' असं पुष्कळ काही म्हटलं होतं. घरी 'भाजीत मीठ नाही' असंही सांगण्यात आलं होतं. काय हवंय, हे कुणी विचारलेलं नव्हतं. खुर्चीवरच्या त्या पांढऱ्या दिव्याखाली तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्या क्षणापासून ती या पंथाची झाली.

परीक्षेत ती पहिली आली. तिला 'आदर समन्वयक' असा बिल्ला मिळाला. संध्याकाळी घरी जाऊन तिनं नवऱ्यालाही आदरानं त्याची वैयक्तिक गरज विचारली. नवरा न सांगता पिशवी घेऊन भाजी आणायला गेला.

नवं धोरण मोठ्या उत्साहात सुरू झालं. जुन्या साहित्याच्या खोलीला पडदे लावून तिथं 'गरज कक्ष' काढण्यात आला. प्रत्येक दंतस्नेहीला आत नेऊन दीपमाला मऊ आवाजात विचारी, "आपली वैयक्तिक गरज काय?" पहिल्या महिन्याची आकडेवारी उद्बोधक आहे. शंभरातल्या साठांनी "दात काढायचाय" असं सांगितलं (हे गरजेत मोडत नाही, उपचारात मोडतं). वीस जणांनी लघवीला कुठं जायचं ते विचारलं. दहा जणांनी गाल सुजल्यामुळे काहीच सांगितलं नाही. उरलेले दहा नातेवाईक होते, तरी त्यांच्याही गरजा नोंदवण्यात आल्या.

दुसरा खांब जरा अवघड होता. गरज टीमला कळवायची, पण टीम चहूकडे विखुरलेली. एक जण एक्स-रेच्या खोलीत, एक जण वर, एक जण चहाला. डॉक्टरांनी यावर माइकचा तोडगा काढला. छतात स्पीकर बसवले. इलेक्ट्रिशियननं सगळे स्पीकर एकाच वायरीवर घेतले होते, त्यामुळे आतली घोषणा बाहेर बसलेल्या लोकांनाही ऐकू जाई. वायर वेगळी करायची तर नवं छत फोडावं लागणार होतं, आणि छत फार छान झालं होतं.

पण लोकांनी ते गोड मानून घेतलं. "कृपया लक्ष द्या. आदरणीय रईसा आपांना पंख्याखालची जागा हवी आहे." "कृपया लक्ष द्या. आदरणीय शिवमजींना गार पाण्यानं झिणझिण्या येतात." आपलं नाव वरून असं मानानं पुकारलं जातंय म्हटल्यावर माणसं सावरून बसत. काही जण तर मुद्दाम गरज घेऊन येत. दीपमालाचा आवाज माइकवर फार खुले. झीशान म्हणे, "ताई, क्या बात है, तुम्ही रेडिओवर पाहिजे होत्या." ती नको नको म्हणे, पण दुसऱ्या दिवशी गजरा घालून येई.

अशा सुखात एके दिवशी सकाळी कन्नडच्या कारभारी आण्णांची जीप दारात उभी राहिली.

कारभारी आण्णा म्हणजे कन्नडकडचं बडं प्रस्थ. उसाचा मोठा बागायतदार, सहा फुटी देह, मिशा अशा की माणूस आधी त्यांना नमस्कार करी. एकदा गोठ्यात बिबट्या शिरला तेव्हा आण्णांनी नुसतं घोंगडं अंगावर फेकून त्याला हाकलून लावलं होतं. ही गोष्ट तालुक्यात इतक्या वेळा सांगितली गेली होती की आता बिबट्यालाही ती पटली असती. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. बस्ता बांधायला ते नव्या व्याह्यांना, म्हणजे कडुबा पाटलांना, आणि दोन्हीकडच्या बायकांना घेऊन शहरात निघाले होते. (ते औरंगाबादला चालले होते आणि कडुबा संभाजीनगरला. जीप एकच होती.) घाट सोडल्यापासून आण्णांची दाढ ठणकत होती, आणि दौलताबाद मागे पडेपर्यंत गाल पपईएवढा झाला. ते काहीच नाही म्हणत होते. कडुबांनीच गाडी थांबवायला लावली, आणि ते व्याही असल्यानं आण्णांना त्यांचं ऐकावं लागलं.

दीपमालानं आण्णांना गरज कक्षात नेलं. पडदा लावला. आण्णा मिशांवर हात फिरवत म्हणाले की दाढ उपटून टाका आणि मोकळं करा, आम्हाला बस्ता बांधायचाय. इतर कुणी असतं तर तिथंच थांबलं असतं. पण दीपमाला परीक्षेत पहिली आलेली होती. तिनं आण्णांच्या नजरेकडे पाहिलं. ती सारखी तिच्या खिशाकडे जात होती. ती स्टुलावर बसली, आवाज आणखी खाली आणला आणि विचारलं की आण्णा, याआधी कधी दवाखान्यात त्रास झाला होता का?

आण्णांनी उठून पडद्याची फट नीट लावून घेतली. मग हळूहळू बोलायला लागले. शाळेत असताना देवीची लस टोचायला माणूस आला होता. त्याची ती सुई त्यांना अजून स्वप्नात दिसते. तेव्हापासून त्यांनी अंगाला सुई लावू दिली नव्हती. सुई नुसती दिसली तरी डोळ्यांपुढं अंधारी येते. मोठेपणी एकदा शेजाऱ्याला टोचताना बघून तेच खाली पडले होते, ते उन्हामुळे असं घरी सांगितलं. बायकोलाही हे माहीत नव्हतं. सांगून झाल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. गाल सुजलेला असूनही ते थोडं हसले.

दीपमालाला वाटलं, यासाठीच आपण नर्स झालो. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढं जुनं भय तिनं केवळ आदराच्या बळावर बाहेर काढलं होतं. विशाखा मॅडमना हे सांगायलाच हवं, असं तिच्या मनात आलं. आणि त्या आनंदातच ती दुसऱ्या खांबाकडे वळली.

"कृपया लक्ष द्या," छतातून तिचा खणखणीत आणि आज जरा भावपूर्ण आवाज आला. "कन्नडचे माननीय कारभारी आण्णा यांना सूक्ष्म स्पर्शाची, म्हणजे सुईची, लहानपणापासून अतिशय भीती वाटते. सुई पाहून ते बेशुद्ध पडू शकतात. सर्व सहकाऱ्यांनी त्यांच्या भीतीचा मनःपूर्वक आदर करावा. धन्यवाद."

आण्णा तेव्हा बाहेरच्या बाकावर, दोन्हीकडच्या मंडळींच्या मधोमध येऊन बसले होते.

सगळ्यांनी अतिशय आदरानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. पंख्याखालच्या रईसा आपांनी तर "या अल्लाह, बिचारे" म्हणून डोक्यावरचा पदर सारखा केला. विहीणबाई आण्णांच्या मिशांकडे अशा बघत होत्या, जणू त्या चिकटवलेल्या आहेत. आण्णांची बायको जमिनीकडे बघत होती. कडुबा पाटील छताकडे.

आण्णा उठले. फेटा नीट केला. कुणाकडेही न बघता दारातून बाहेर पडले.

आता तिसरा खांब लागू झाला. डॉ. इंद्रजीत हातमोजे काढून दाराशी आले, पाठमोऱ्या आण्णांना हात जोडून म्हणाले की आम्ही आपल्या निर्णयाचा आदर करतो. मग आत येऊन दीपमालाला हलक्या आवाजात म्हणाले की आण्णा आत आले तेव्हाच मी पाहिलं, सूज गळ्याकडे उतरायला लागली आहे. आज दाढ काढून पू मोकळा केला नाही तर ती श्वासनलिकेवर दाबू शकते. माणूस दगावतोसुद्धा.

"मग त्यांना थांबवायला नको?" दीपमालानं विचारलं.

डॉक्टर खिन्नपणे म्हणाले की तेच तर अवघड असतं. परिषदेत याच्यावर एक स्वतंत्र स्लाइड होती.

आण्णांचा तो हसलेला, अर्धा सुजलेला चेहरा दीपमालाच्या डोळ्यांपुढून हलेना. ती पायऱ्या उतरायला लागली. शेवटच्या पायरीवर कडुबा पाटलांनी तिला अडवलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि ओठ न हलवता म्हणाले, "सिस्टर, मला बी सुईचं तसंच व्हतं. कोणाला सांगू नका." एवढं बोलून ते जीपचं टायर बघायला गेले. टायरला काही झालेलं नव्हतं.

आण्णा रस्त्यापलीकडच्या रसवंतीत सापडले. कोपऱ्यातल्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसले होते. पुढ्यात उसाच्या रसाचा भरलेला ग्लास होता. ज्याच्या शेतातला ऊस गाड्या भरभरून कारखान्याला जातो तो माणूस दुसऱ्याचा रस विकत घेऊन बसला होता, आणि तोही त्याला पिता येत नव्हता. जबडा नीट उघडतच नव्हता.

दीपमाला समोर बसली. सवयीनं तिच्या तोंडून "माननीय" असं निघालं. आण्णांनी हात वर केला.

"बाई, हात जोडतो. आता मान देऊ नका. झाला तेवढा लई झाला."

दीपमालाच्या डोक्यात प्रशिक्षणातली सगळी वाक्यं एकामागून एक आली. 'आपल्या भावना समजू शकते' हे होतं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' हेही होतं. त्यातलं एकही तिच्यानं बोलवेना.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

या वाक्याला प्रशिक्षणात पर्यायी शब्द दिलेला नव्हता, त्यामुळे ते जुन्याच शब्दांत म्हणावं लागलं.

आण्णांनी मान हलवली. घुंगरं वाजवत चरक फिरत होता. तो थांबेपर्यंत ते थांबले. मग दात न उघडता, हळू बोलले, "बायकोला बी ठावं नाय ते तुमाला सांगितलं. म्हटलं ही बाई जिवापासून इचारती, पोटात ठेवील. तुमी तर पार छतातून सांगितलं."

"टीमला कळवायचं असतं, आण्णा."

"कोण टीम? ती फेट्याकडं बघणारी समदी टीमच व्हती का?"

दीपमालानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या खांबाचा नीट विचार केला. सुई कुणाच्या हातात असते? डॉक्टरच्या. ती ट्रेमध्ये कोण ठेवतं? आपण. म्हणजे हे डॉक्टरला कळायला पाहिजे आणि आपल्याला, आणि आपल्याला तर कळलेलंच आहे. एक्स-रेवाल्याला कळून तो काय करणार होता? चहाला गेलेला काय करणार होता?

"डॉक्टरला सांगावं लागेल," ती म्हणाली. "त्याशिवाय ते जपून टोचणार नाहीत. बाकी कुणालाच नको."

आण्णांनी यावर विचार केला. तेवढं चालेल, म्हणाले. पण आता काय उपयोग, जायचं ते गेलं. त्या व्याह्यासमोर आता कोणत्या तोंडानं बसू, लग्नात सगळं वऱ्हाड बघून हसेल.

कडुबांचं वाक्य दीपमालाच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं. ते नुसतं सांगितलं असतं तर आण्णा त्याच क्षणी उठून तिच्यासोबत आले असते. काम सोपं झालं असतं, वेळही वाचला असता. तिनं ते वाक्य गिळलं. (आम्ही मात्र ते वर सांगून टाकलेलं आहे. आमचं प्रशिक्षण झालेलं नाही.)

त्याऐवजी तिनं विचारलं, "आण्णा, खरं सांगा. आत यायचं तर काय केलं पाहिजे?"

हा तोच प्रश्न होता, पण या वेळी तो विचारताना तिचं लक्ष स्वतःच्या आवाजाकडे नव्हतं.

आण्णांना सुई दिसायला नको होती. टोचायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, एकदम नको. पुढच्या दारानं, त्या सगळ्यांसमोरून जायचं नव्हतं. दीपमाला म्हणाली की मागून कचऱ्याच्या बादल्यांकडचं दार आहे, तिथून नेते. आण्णा म्हणाले चालतंय. मग थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, "आन भाईर आल्यावर?"

"बाहेर आल्यावर दाढ फार अवघड होती."

"किती?"

"डॉक्टरला घाम फुटला."

आण्णांनी जरा वेळ हिशेब केला. "चालतंय," ते म्हणाले.

बादल्यांच्या वाटेनं दोघं आत शिरली. दीपमालानं डॉक्टरांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "सुई खालून, त्यांना दिसणार नाही अशी आणा. टोचायच्या आधी मला मान हलवून सांगा." डॉक्टरांना इतकं थोडक्यात आणि इतक्या जवळून कुणी बोलायची सवय नव्हती. गोंधळून त्यांनी सांगितलं तसंच केलं. आण्णांनी डोळे मिटले आणि दीपमालाचं मनगट धरलं. तिनं "आता टोचतंय" असं सांगितलं, आणि टोचलं. ना सूक्ष्म, ना स्पर्श. चांगलंच टोचलं. आण्णांच्या डोळ्यांतून दोन्हीकडून धारा लागल्या. त्या तिनं, जणू चूळ सांडली असावी, अशा पद्धतीनं कापसानं टिपून घेतल्या. मनगटावर त्यांच्या पाची बोटांचे वळ उठले, पण तिनं हात सोडवून घेतला नाही. दाढ निघाली. सगळा पू बाहेर पडला, आणि आण्णांनी कितीतरी तासांनी पोटभर श्वास घेतला.

बाहेर येऊन दीपमालानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दाढ फार अवघड होती, डॉक्टरांना घाम फुटला. डॉक्टर खरंच घामाघूम होते, कारण एसी सकाळपासून बंद होता. कडुबा पाटलांनी एवढं ऐकलं आणि सुटकेचा श्वास टाकून मोठ्यांदा म्हणाले, "आण्णा म्हंजे आण्णा." मंडळी बस्ता बांधायला गेली.

इथवर सगळं ठीक झालं. पण चांगली गोष्ट घडली की तिचं धोरण करावं लागतं.

दंतस्नेही परत आला कसा, याचा डॉ. इंद्रजीतांनी अभ्यास केला. दीपमाला कानाशी येऊन बोलली होती हे त्यांच्या लक्षात होतं. यावरून आदर हा आवाजाच्या पट्टीवर अवलंबून असतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसऱ्या आठवड्यात माइक बंद करून 'कुजबुज धोरण' जाहीर करण्यात आलं. यापुढे हॉस्पिटलात कुणीही कुणाशीही कानाशी जाऊनच बोलायचं. विशाखा मॅडम पुन्हा आल्या. या वेळी त्या काय शिकवून गेल्या ते मागे बसलेल्यांना कळलं नाही.

धोरणाचे परिणाम दिसायला लागले. दात साफ करायला आलेला एक तरुण, सत्यम, डॉक्टर आणि असिस्टंट कोपऱ्यात कुजबुजताना पाहून आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं समजला, आणि त्यानं बाकावर बसल्या बसल्या घरच्यांची फोनवरून क्षमा मागितली. झीशाननं एका काकूंच्या कानाशी जाऊन त्यांचा नंबर आल्याचं सांगितलं, तेव्हा काकांनी त्याची कॉलर धरली. पडेगावच्या सारजाबाईंना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. धोरणानुसार तिथंही कुजबुजावं लागलं. झीशाननं त्यांच्या कानात जे काही विचारलं त्याला त्यांनी साऱ्या हॉस्पिटलाला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं, "कवळी? व्हय, रात्री काढून वाटीत ठिवते. सून म्हणती उंदीर नेईल." सारजाबाईंची गरज अशी संपूर्ण टीमला कळली, आणि माइकची गरज पडली नाही म्हणून हे धोरणाचं यश मानण्यात आलं.

दीपमालानं या काळात कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणाशी वादही घातला नाही. बिल्ला तिनं पर्समध्ये टाकला. ती पुन्हा "आ करा" म्हणायला लागली. मात्र त्याआधी खुर्ची सरळ असतानाच, समोर बसून, प्रत्येकाला काय हवंय ते विचारी. जे डॉक्टरला कळायला हवं ते डॉक्टरला सांगे, जे कुणालाच कळायला नको ते पोटात ठेवी. सारजाबाईंशी ती ओरडूनच बोले, पण आधी त्यांना आत नेऊन दार लावून घेई. यात धोरण असं काही नव्हतं, त्यामुळे ते कुणाच्या नजरेस आलं नाही.

वर्षअखेरीस आढावा झाला. इतर खुर्च्यांवर शेकडो गरजा कळवल्या गेल्या होत्या. दीपमालाच्या खुर्चीवरून एकही नाही. तिच्या पेशंटना गरजाच नसतात असा स्वच्छ निष्कर्ष निघाला, आणि म्हणून यापुढे जड पेशंट, म्हणजे भेदरलेले, रडणारे, पळून जाणारे, तिच्याचकडे पाठवायचे असं एकमतानं ठरलं. डॉ. इंद्रजीतांना आदराबद्दल एक पुरस्कारही मिळाला. तो त्यांनी दीपमालाला दाखवला. तिनं तो पाहून परत दिला.

मधल्या काळात आण्णांच्या मुलाचं लग्न थाटात पार पडलं. दीपमालाला पत्रिका आली होती. ती नवऱ्याला घेऊन गेली. पंगतीत आण्णा स्वतः वाढायला आले, तेव्हा वऱ्हाडाला त्यांनी दाढेची गोष्ट सांगितली. तोवर ती दाढ चांगलीच वाढली होती. तिला तीन मुळं फुटली होती, डॉक्टरचा चिमटा वाकला होता, आणि आण्णांनी सुईबिई नकोच म्हणून सांगितलं होतं. "इचारा सिस्टरला, समोरच हायेत," आण्णा म्हणाले.

सगळी पंगत दीपमालाकडे बघायला लागली. पलीकडे वरणाची बादली घेऊन उभे असलेले कडुबा पाटील सर्वांत जास्त काळजीनं बघत होते.

"खरंय," दीपमाला म्हणाली. आणि आण्णांनी आग्रहानं वाढलेला लाडू तिनं खाल्ला.

ही हकिकत इथं संपते. वाचताना आपण दोन-चारदा हसला असाल तर आम्ही आभारी आहोत. मात्र हसताना ओठांची एक बाजू मिटलेलीच राहिली, आणि मधेच जीभ मागच्या त्या दाढेवरून हळूच फिरून आली, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. गेल्या दिवाळीपासून आपण एकाच बाजूनं चावता. घरात विचारलं तर काही नाही म्हणता. वेळ मिळाला की दाखवू, असं आपलं म्हणणं आहे, आणि कारण वेळेचं नाही हेही आम्हाला ठाऊक आहे. संकोच करू नये. आपल्या भीतीचा आम्ही मनापासून आदर करतो. ती आम्ही कुणालाही सांगितलेली नाही, फक्त छापली आहे.